घरच्या प्रिंटरवर फोटो छापताना काळा रंग तपकिरी का येतो?

रानवाट

नमस्कार मंडळी. घरात चार टाक्यांचा इंकटँक प्रिंटर आहे. घेतला होता कागदपत्रं आणि मुलांचे प्रकल्प छापायला, पण आता त्यावर फोटो छापून अल्बम करायचं मनावर घेतलंय. ग्लॉसी फोटो पेपर आणला, क्वालिटी 'हाय' ठेवली, तरी मनासारखं येत नाही.

एक उदाहरण देतो. भाचीचा काळ्या स्वेटरमधला फोटो आहे. स्क्रीनवर स्वेटरची वीण टाकान् टाका दिसते. प्रिंटमध्ये मात्र स्वेटर म्हणजे नुसता तपकिरी-करडा पट्टा, वीण पार गायब. चेहऱ्यावर लालसर झाक. भर दुपारच्या उजेडातला फोटो, पण छापल्यावर सगळा अंधारलेला. शिवाय कडेची डोकी कापली जातात ती वेगळीच.

सहा रंगांचा फोटो प्रिंटर घ्यावा, की आहे त्यातूनच आणखी काही काढता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

ठिपका

रानवाट, नवीन प्रिंटरचा विचार तूर्त बाजूला ठेवा. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकार कोणता निवडला होता? फोटो फोनच्या ॲपमधून छापलात की कॉम्प्युटरवरून? शाई मूळ कंपनीचीच आहे का? आणि नोझल चेकचं, म्हणजे शाईची छिद्रं तपासायचं, पान काढलंत का? बाकी काही करण्याआधी ते काढा. एखाद्या रंगाची छिद्रं तुंबलेली असतील तर पुढची सगळी सेटिंगं वाया जातात, कारण तुम्ही रंग दुरुस्त करत बसता आणि मुळात एक रंग कागदावर अर्धवटच पडत असतो.

रानवाट

ठिपका, लगेच उत्तर दिलंत, आभार. शाई कंपनीचीच. विंडोजच्या फोटो व्ह्यूअरमधून छापतो. नोझल चेकमध्ये सायनच्या (हिरवट निळ्या रंगाच्या) जाळीत रेघा मधे मधे तुटलेल्या आहेत, बाकी तिन्ही अखंड.

कागदाच्या प्रकाराचं एक कोडं आहे. 'प्लेन पेपर' ठेवलं की काळा चांगला गडद येतो, पण त्यावरून बोट फिरवलं की पुसला जातो, अगदी दुसऱ्या दिवशीसुद्धा. 'ग्लॉसी' ठेवलं की पुसला जात नाही, पण तपकिरी दिसतो. असं का?

निळीशाई

तुमचं कोडंच या धाग्याचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चार टाक्यांच्या बऱ्याच मॉडेलांमध्ये काळी शाई पिगमेंटची असते आणि सायन, मजेंटा (किरमिजी), पिवळा हे तीन रंग डायचे. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे रंगाचे बारीक कण. साध्या कागदावर ते वरच्यावर बसतात, फार आत झिरपत नाहीत, त्यामुळे अक्षर ठसठशीत उमटतं. डाय द्रवात पूर्ण विरघळलेला असतो आणि ग्लॉसी कागदाच्या वरच्या थरात शिरून तिथे स्थिरावतो. ग्लॉसी थर असतोच अशा शाईसाठी. मजकुरासाठी बनवलेलं पिगमेंट त्या थरावर धरत नाही, पृष्ठभागावर भुकटीसारखं पडून राहतं. तुमच्या बोटाला लागतं ते हेच.

ड्रायव्हरला हे ठाऊक असतं. 'ग्लॉसी' निवडलं की अशा मॉडेलांत तो काळी टाकी बाजूला ठेवतो आणि तिन्ही रंग एकमेकांवर टाकून काळा तयार करतो. तीन रंगांचा हा काळा कधीच पुरता काळा नसतो. त्यात तुमचं सायन तुटलेलं! सायन कमी पडलं की उरतं मजेंटा आणि पिवळं, म्हणजे लालसर-तपकिरी. स्वेटर तपकिरी आणि चेहरा लाल, दोन्हींचं मूळ एकच आहे.

आधी हेडचं, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाचं, क्लीनिंग करा आणि नोझल चेक पुन्हा काढा. दोन-तीनदा करूनही रेघा तुटलेल्याच राहिल्या तर लागोपाठ करत बसू नका. प्रिंटर काही तास तसाच राहू द्या, मग पुन्हा बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. प्रत्येक क्लीनिंगला बरीच शाई खर्च होते आणि ती सगळी आतल्या वेस्ट इंक पॅडमध्ये जाते. ते पॅड भरलं की प्रिंटर अडून बसतो.

आणि कागदाचा प्रकार 'ग्लॉसी'च ठेवा. गडद दिसतो म्हणून फोटो पेपरवर 'प्लेन' वापरणं चूक आहे. शाईचं प्रमाण, थेंबाचा आकार, हेड किती वेळा फिरणार हे सगळं ड्रायव्हर त्या एका सेटिंगवरून ठरवतो.

सरळमार्गी

वेगळं मत मांडतो. इतका खटाटोप कशाला? लॅबमध्ये द्या. तिथे खऱ्या फोटोग्राफिक कागदावर, लेझर किंवा एलईडीच्या उजेडाने फोटो उमटवून रसायनात धुतात. ठिपक्यांचा प्रश्नच नाही, रंगछटा सलग येतात, आणि शे-दोनशे फोटोंचा अल्बम असेल तर वेळही वाचतो. घरचा प्रिंटर सुटे फोटो छापायला ठीक.

निळीशाई

शे-दोनशे फोटोंबद्दल तुमच्याशी सहमत, ते काम लॅबचंच. पण एक फोटो मनासारखा येईपर्यंत छापायचा, सावल्या जरा उजळून पुन्हा बघायचा, मॅटवर (बिनचमकीच्या कागदावर) कसा दिसतो ते पडताळायचं, ही मोकळीक लॅबमध्ये मिळत नाही. बऱ्याच लॅबमध्ये फोटो आपोआप 'सुधारले' जातात आणि मुद्दाम गडद ठेवलेला फोटो फिका होऊन येतो. चांगला इंकजेट आणि चांगला कागद असेल तर प्रदर्शनात लावण्याच्या तोडीचं काम घरी होतं. छायाचित्रकारांची प्रदर्शनं आज मोठ्या प्रमाणावर इंकजेटवरच छापली जातात.

कागदवेडी

कागदावर बोलायला मला निमित्तच हवं असतं!

पाकिटावर नुसतं 'ग्लॉसी' आणि 'जीएसएम' बघून कागद घेऊ नका. जीएसएम म्हणजे वजन, दर्जा नव्हे. २३० जीएसएमचा सुमार कागद असतो आणि २०० चा उत्तमही असतो. बघायचं ते दोन गोष्टींत : आतला गाभा कशाचा आणि वरचा थर कसला.

स्वस्त ग्लॉसी बहुधा 'कास्ट कोटेड' असतो, म्हणजे साध्या कागदावर चकचकीत लेप. शाई जास्त पडली की तो ओलावतो, कडा वळतात, मागून लहरी दिसतात. 'आरसी' म्हणजे रेझिन कोटेड कागदात गाभ्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई गाभ्यापर्यंत पोहोचत नाही आणि कागद सपाट राहतो. हाताला लॅबच्या फोटोसारखाच लागतो, कारण लॅबचा नेहमीचा कागदही आरसीच असतो.

वरच्या थराचे मुख्य प्रकार दोन. मायक्रोपोरस थरात अतिसूक्ष्म छिद्रं असतात, शाई पटकन आत ओढली जाते आणि प्रिंट हातात येतो तोच जवळपास कोरडा असतो. दुसरा फुगणारा थर. तो ओला झाला की फुगतो आणि शाईला पोटात घेतो. वाळायला वेळ लागतो, पाण्याचा थेंब सोसत नाही, पण डाय शाईला हवेपासून चांगलं झाकतो. आज बाजारात बहुतेक मायक्रोपोरसच मिळतो.

रानवाट, तुमच्या स्वेटरसाठी सुचवते : ग्लॉसीऐवजी सेमीग्लॉस किंवा लस्टर आरसी घ्या. त्याचा पृष्ठभाग किंचित दाणेदार असतो, त्यामुळे दिव्याची तिरीप सरळ डोळ्यात येत नाही आणि गडद भागातला तपशील वाचता येतो. निव्वळ काळेपणा मात्र ग्लॉसीवरच सगळ्यात खोल येतो. साध्या मॅटवर तो कमी, म्हणून सावल्यांनी भरलेले फोटो मॅटवर देऊ नका. मॅट छान दिसतो तो धुक्याच्या, फिक्या रंगांच्या, मऊ उजेडाच्या फोटोंना.

छापायची बाजू कोणती हे कळत नसेल तर ओलसर बोट कोपऱ्याला लावा. चिकटल्यासारखं वाटतं ती लेपाची बाजू. आणि पाकीट उघडल्यावर उरलेला कागद झिपच्या पिशवीत आडवा ठेवा. दमट हवेत उघडा राहिलेला कागद वळतो आणि हेडला घासून कडेला काळे ओरखडे उठतात.

क्षितिजरेषा

अंधारलेल्या प्रिंटबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसतो, स्क्रीन फार उजळ असते. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद फक्त पडलेला प्रकाश परतवतो. प्रिंटशी जुळवून बघायचं तर मॉनिटरची उजळता साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर असावी लागते. घरातले मॉनिटर आणि लॅपटॉप याच्या दुप्पट-तिप्पट उजेडावर सर्रास चालतात. मग डोळ्यांना बरा दिसतो म्हणून आपण फोटो गडद ठेवतो आणि कागदावर तो बुडतो.

मोजायचं यंत्र नसेल तर साधा उपाय : स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी चांगल्या उजेडात पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत स्क्रीनची उजळता खाली आणा. पहिल्यांदा स्क्रीन मरगळल्यासारखी वाटते, मग डोळे सरावतात. नाइट लाइट, ट्रू टोन वगैरे स्क्रीनचा रंग आपोआप बदलणाऱ्या सोयी त्या वेळी बंद ठेवा.

आता रंग. प्रत्येक प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या त्रिकुटाला स्वतःची आयसीसी प्रोफाइल लागते. अमुक आकड्याचा लाल या कागदावर नेमका कसा उमटतो, त्याची ती नोंद असते. कागद बदलला की प्रोफाइल बदलली पाहिजे. नामांकित कागद कंपन्या प्रचलित फोटो प्रिंटरांसाठी आपापल्या प्रोफाइल संकेतस्थळावर मोफत देतात.

यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दुहेरी रंगव्यवस्थापनाचा. रंग सांभाळायचं काम एकानेच करायचं, सॉफ्टवेअरने किंवा ड्रायव्हरने. फोटोशॉपमध्ये प्रोफाइल निवडली असेल तर ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट' किंवा 'ऑफ' करायलाच हवं. दोघांनी दुरुस्ती केली की चेहरे गुलाबी-लाल होतात. नोझल साफ झाल्यावरही झाक उरली तर रानवाट, हे तपासा.

प्रोफाइलच्या भानगडीत पडायचं नसेल तर फोटो एसआरजीबीमध्ये ठेवा, रंग ड्रायव्हरवर सोपवा आणि 'फोटो एन्हान्स', 'व्हिव्हिड' असले पर्याय बंद करा. एसआरजीबी हा १९९६ मध्ये आलेला रंगपट (रंगांचा ठरलेला संच) आहे आणि ड्रायव्हर सहसा तोच गृहीत धरतात. ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपटातला फोटो प्रोफाइल न वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमधून छापलात तर रंग मेल्यासारखे येतील. आयफोनचे फोटो डिस्प्ले पी३ या आणखी एका रंगपटात असतात, तेही एसआरजीबीमध्ये रूपांतर करून घ्या.

रानवाट

धागा वाचनखुणेत टाकलाय. ठिपका, पिक्सेल आणि डीपीआयचंही सांगा ना. काही फोटो व्हॉट्सॲपवरून आलेले आहेत. प्रिंटरच्या खोक्यावर ५७६० डीपीआय लिहिलंय, मग फोटोही तेवढ्याचाच लागतो का?

ठिपका

नाही. तो आकडा प्रिंटर शाईचे ठिपके किती जवळ टाकू शकतो त्याचा आहे. फोटोतल्या एकेका पिक्सेलचा रंग साधायला प्रिंटरला बरेच ठिपके मिसळावे लागतात. तुम्ही बघायचा तो पीपीआय, म्हणजे कागदाच्या एका इंचात फोटोचे किती पिक्सेल बसतात. हातात धरून बघायच्या फोटोला ३०० पुरेसे. ४ बाय ६ इंचाला १२०० बाय १८०० पिक्सेल, ए४ ला साधारण २४८० बाय ३५०८. १२ मेगापिक्सेलचा फोनचा फोटो ४००० बाय ३००० असतो, तो ए४ ला आरामात पुरतो. भिंतीवर लांबून बघायचा असेल तर २०० पीपीआयही चालतात.

व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होतो आणि वर दाबलाही (कॉम्प्रेसही) जातो. पिक्सेलच्या हिशेबात ४ बाय ६ निघतो, पण दाबल्यामुळे केस, गवत, विणकाम असला बारीक पोत आधी जातो. भाचीचा फोटो तसाच आला असेल तर वीण तिथेच गेलेली असू शकते. मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा.

डोकी कापली जाण्याचं कारण प्रमाणात आहे. फोनचा फोटो ४:३, तर ४ बाय ६ कागद ३:२. पान भरायचं तर आडव्या फोटोत वरखाली, उभ्यात डावी-उजवीकडे काहीतरी कापलं जाणारच. छापण्याआधी स्वतः ३:२ मध्ये क्रॉप करा, म्हणजे काय जाणार ते तुम्ही ठरवाल. बॉर्डरलेसमध्ये ड्रायव्हर फोटो आणखी किंचित मोठा करून कडेबाहेर छापतो, म्हणून डोक्यावर थोडी जागा सोडा. ड्रायव्हरमध्ये हा फुगवटा कमी करायची पट्टी असते. मला विचाराल तर पांढरी किनार ठेवूनच छापा. कडेला शाई सांडत नाही आणि अल्बममध्ये फोटो उठून दिसतो.

जाता जाता, 'हाय स्पीड' किंवा 'बायडायरेक्शनल' ची खूण काढून टाका. मग हेड एकाच दिशेने जाताना छापतं, वेळ जास्त लागतो, पण आडवे पट्टे आणि दुहेरी कडा कमी होतात. एकदा हेड अलाइनमेंटही (हेड नीट जुळवणं) करून घ्या.

रानवाट

सगळं करून बघितलं, कळवायलाच हवं म्हणून लिहितो.

क्लीनिंगनंतरही सायन लगेच सुटलं नाही. निळीशाई ताईंनी सांगितल्याप्रमाणे रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी जाळी अखंड आली. बहिणीकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवला. स्क्रीन पांढऱ्या कागदाशी जुळवून खाली आणल्यावर तोच फोटो स्क्रीनवरही बुडालेला दिसला! सावल्या थोड्या उजळल्या, ३:२ क्रॉप केला, एकदिशा छपाई ठेवली. अख्खा फोटो छापण्याआधी स्वेटर आणि चेहरा येईल असा पट्टा कापून एकाच कागदावर तीन वेगवेगळ्या उजेडांत छापला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. मधला पसंत पडला.

लस्टर आरसीवर आलेला फोटो समोर आहे. खांद्याजवळची वीण दिसते, बाहीवरचा उलट-सुलट टाका ओळखू येतो. काखेतल्या अगदी गडद जागी मात्र ती विरघळते आणि तिथला काळा अजून किंचित कोमट, म्हणजे तपकिरीकडे झुकणारा आहे. चेहऱ्याची लाली गेली. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली तोच फोटो थोडा वेगळा दिसला, म्हणून आता दिवसाउजेडीच ताडून बघतो.

निळीशाई

छान! पट्टा छापून बघायची सवय सोडू नका. उरलेला कोमटपणा तीन रंगांच्या काळ्याचा आहे, तो या प्रिंटरवर पुरता जाणार नाही. पुढेमागे प्रिंटर बदलाल तेव्हा नुसते 'किती रंग' न मोजता फोटो पेपरवर चालणारा काळा आहे का ते बघा. एप्सन एल८०५० मध्ये सहा रंग आहेत, त्यात फिका सायन आणि फिका मजेंटा. त्यांचे ठिपके डोळ्यांना जाणवत नाहीत, म्हणून आकाश आणि त्वचेच्या छटा सलग येतात. एल८१८० मध्ये मजकुराचा काळा वेगळा, फोटोचा काळा वेगळा, शिवाय करडा. कॅनन जी६७० मध्ये लाल आणि करडा जास्तीचे. कृष्णधवल फोटो हौसेने छापणार असाल तर करड्या शाईला पर्याय नाही. नुसत्या तीन रंगांतून करडा साधताना कुठे हिरवट तर कुठे गुलाबी झाक येतेच.

मोरपीस

माझ्याकडे कॅननचा सेल्फी (SELPHY) नावाचा छोटा प्रिंटर आहे, लहान फोटोंपुरता. त्यात शाईच नाही. रंगाची फीत तापवून पिवळा, मजेंटा, सायन असे एकामागून एक थर कागदावर चढतात आणि शेवटी पारदर्शक संरक्षक थर. ३०० डीपीआयच, पण छटा सलग, आणि महिनोन् महिने पडून राहिला तरी तुंबायला काही नाही. रानवाट यांच्यासारखं कागद निवडण्याचं स्वातंत्र्य नाही, फीत आणि कागद त्याचेच घ्यावे लागतात. वर्षातून मोजके फोटो छापणाऱ्यांनी विचार करावा.

एक विचारायचं होतं. घरात कलर लेझर प्रिंटरही आहे. त्यात हाच ग्लॉसी कागद घातला तर चालेल का?

ठिपका

अजिबात घालू नका. लेझरमध्ये टोनर (रंगाची भुकटी) वितळवण्यासाठी कागद तापलेल्या रोलरमधून जातो. इंकजेट ग्लॉसीचा लेप किंवा आरसीचं प्लास्टिक तिथे वितळून फ्यूजरला, म्हणजे त्या तापलेल्या भागाला, चिकटतं आणि दुरुस्ती महागात पडते. लेझरसाठीचा ग्लॉसी कागद वेगळा मिळतो, पाकिटावर 'लेझर' लिहिलेलं असेल तरच घ्या.

रानवाट

शेवटची शंका. यातले काही फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचे आहेत. डाय शाई लवकर उडते असं वाचलं. काय काळजी घ्यायची?

कागदवेडी

छापल्याबरोबर काचेआड घालू नका. हाताला कोरडा लागला तरी शाईतले द्रावक हळूहळू बाहेर पडत असतात, आणि लगेच फ्रेम केला तर काचेच्या आतून धुकं धरतं. निदान एक दिवस मोकळा ठेवा, वर साधा कागद टाकून. फ्रेम करताना काच फोटोला टेकू देऊ नका, मधे माउंटची (जाड पुठ्ठ्याची) चौकट घाला. टेकलेला ग्लॉसी फोटो दमटपणाने काचेला चिकटतो आणि सोडवताना थर निघून येतो.

डाय शाईचे दोन वैरी, ऊन आणि हवेतला ओझोन. मायक्रोपोरस थराची छिद्रं उघडी असल्याने हवा आतपर्यंत पोहोचते, म्हणून उघड्यावर टाचणीने लावलेला फोटो काचेआडच्या फोटोपेक्षा कितीतरी लवकर फिकटतो. फ्रेम थेट उन्हाच्या भिंतीवर नको. अल्बमसाठी पीव्हीसीची पानं टाळा, 'ॲसिड फ्री' किंवा पॉलिप्रॉपिलीनची घ्या. आरसीच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, पुढे वळ उमटतात.

आणि आठवड्यातून एकदा सगळे रंग येतील असं छोटंसं काहीतरी छापत राहा, म्हणजे सायन पुन्हा तुंबणार नाही.